मार्गरित पेरे आणि मूलद्रव्य ८७ : प्रयोगशाळा साहाय्यक ते विद्यापीठीय प्राध्यापक – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मूलद्रव्याचे नाव, शोधाचे वर्ष आणि शोधकर्त्याचे नाव अशा तीन रकान्यांत तो मावतो आणि विद्यार्थी तो तसाच पाठ करतात. राणीसावरगाव असो वा पॅरिस, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर लावलेल्या आवर्तसारणीच्या पहिल्या स्तंभात सर्वांत खाली फ्रान्सिअम हे मूलद्रव्य असते. त्याचा अणुक्रमांक ८७. निसर्गात ते इतके अल्प आहे की संपूर्ण भूकवचात कोणत्याही क्षणी त्याचे प्रमाण सुमारे २० ते ३० ग्रॅमच असावे असा अंदाज केला जातो. हे मूलद्रव्य जानेवारी १९३९ मध्ये पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये सापडले. शोध लावणाऱ्या मार्गरित पेरे या त्या वेळी २९ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याजवळ विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती.

पदवी नसलेली एक प्रयोगशाळा साहाय्यक स्त्री नवे मूलद्रव्य शोधते, त्यानंतर डॉक्टरेट मिळवते, प्राध्यापक होते आणि फ्रेंच विज्ञान अकादमीवर निवडून येणारी पहिली स्त्री ठरते. हा प्रवास प्रेरणादायी चरित्राचा विषय आहेच. परंतु तेवढ्यावर थांबल्यास त्यातील इतिहासाचा भाग निसटतो. हे श्रेय एका साहाय्यकाच्या नावावर कसे नोंदले गेले, आणि ज्या संस्थेने ते नोंदवू दिले तिने त्या साहाय्यकाच्या शरीराची काळजी घेतली का, हे दोन प्रश्न त्यातून उभे राहतात. प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने पेरे यांच्या कारकिर्दीचा मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) मूलद्रव्य ८७ च्या शोधाची पार्श्वभूमी व प्रक्रिया समजून घेणे.
२) या शोधात प्रयोगशाळेतील हस्तकौशल्याचे स्थान निश्चित करणे.
३) पेरे यांच्या कारकिर्दीच्या आधारे पदवी, पद, श्रेय व सुरक्षितता यांच्या परस्परसंबंधांचा विचार करणे.

जडणघडण :

मार्गरित पेरे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसजवळील विलमोंब्ल या गावी झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडिलांचा पीठगिरणीचा व्यवसाय होता. पेरे लहान असतानाच वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली. वैद्यकीय शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा होती, परंतु इतके दीर्घ व खर्चिक शिक्षण त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. परिणामी त्यांनी मुलींसाठी असलेल्या एका तांत्रिक शिक्षण संस्थेत प्रवेश घेतला आणि १९२९ साली रसायनशास्त्रातील तंत्रज्ञाची पदविका मिळवली. त्या काळी अशी पदविका घेतलेल्या मुलींपुढे कारखान्यातील वा प्रयोगशाळेतील दुय्यम नोकरी हाच मार्ग असे.

त्याच वर्षी रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये मेरी क्यूरी यांना साहाय्यकाची आवश्यकता होती. मुलाखतीस गेलेल्या पेरे यांना समोर काळ्या पोशाखातील एक शांत, वयस्क स्त्री दिसली. ती कार्यालयातील चिटणीस असावी असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात त्या स्वतः मेरी क्यूरी होत्या. आपली निवड होणार नाही अशा समजुतीने पेरे परतल्या, परंतु नियुक्ती झाली. त्यांचे पद पदार्थ तयार करून देणाऱ्या साहाय्यकाचे होते. संशोधक ज्या नमुन्यावर मोजमाप करणार तो नमुना शुद्ध करून त्याच्या हाती देणे, हे त्या पदाचे काम.

ॲक्टिनिअमवरील दहा वर्षे :

पेरे यांच्याकडे ॲक्टिनिअमचे शुद्धीकरण सोपवण्यात आले. ॲक्टिनिअम हे अणुक्रमांक ८९ असलेले मूलद्रव्य क्यूरी यांचे सहकारी आंद्रे देबिएर्न यांनी १८९९ साली शोधले होते. त्याचा शोध लागून तीस वर्षे लोटली तरी त्याविषयीची माहिती फारच तोकडी होती. याचे कारण त्याच्या स्वभावातच आहे. युरेनिअमच्या खनिजात ते अत्यंत अल्प प्रमाणात आढळते आणि रासायनिकदृष्ट्या ते लँथेनमशी इतके जुळते की दोघांना वेगळे करण्यासाठी स्फटिकीकरणाची क्रिया पुनःपुन्हा करावी लागते. हे काम महिनोन्‌महिने चालणारे, कंटाळवाणे आणि त्याच वेळी कमालीची दक्षता मागणारे होते.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. ॲक्टिनिअम शुद्ध केले तरी ते शुद्ध राहत नाही. त्याचे अणू विघटित होऊन थोरिअम, रेडियम आदी मूलद्रव्यांचे किरणोत्सर्गी समस्थानिक तयार होत राहतात आणि त्यांचा किरणोत्सर्ग मूळ ॲक्टिनिअमच्या किरणोत्सर्गाला झाकून टाकतो. ॲक्टिनिअम स्वतः कोणते किरण बाहेर टाकते, हे जाणून घ्यायचे तर त्याची सर्व अपत्यद्रव्ये दूर करून, ती पुन्हा साठण्यापूर्वीच मोजमाप करणे आवश्यक होते. यासाठी लागणारा वेग ग्रंथांतून मिळण्यासारखा नव्हता. तो वर्षानुवर्षांच्या सरावातूनच हाताला येऊ शकत होता.

४ जुलै १९३४ रोजी मेरी क्यूरी यांचे निधन झाले. संस्थेचे संचालकपद देबिएर्न यांच्याकडे आले. पेरे यांचे ॲक्टिनिअमवरील काम मात्र अखंड चालू राहिले. आता त्यांना देबिएर्न यांच्याप्रमाणेच मेरी क्यूरी यांच्या कन्या इरेन जोलिओ-क्यूरी यांचेही मार्गदर्शन होते.

रिकामा रकाना आणि फसलेले दावे :

सीझिअमच्या खाली एक अल्कली धातू असला पाहिजे, असे भाकीत मेंडेलीव्ह यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते. १९१३ मध्ये मोझले यांनी क्ष-किरणांच्या अभ्यासातून अणुक्रमांकाची संकल्पना सिद्ध केल्यानंतर सारणीत नेमके कोणते रकाने रिकामे आहेत, हे निर्विवादपणे दिसू लागले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस युरेनिअमपर्यंतच्या मूलद्रव्यांत ६१, ८५ आणि ८७ हे तीन क्रमांक शिल्लक होते.

रिकाम्या जागेसाठी दावेदारांची कमतरता नव्हती. १९३० मध्ये अमेरिकेतील फ्रेड ॲलिसन यांनी ८७ क्रमांकाचे मूलद्रव्य शोधल्याचा दावा केला आणि पुढे त्याला ‘व्हर्जिनिअम’ हे नाव दिले. १९३६ मध्ये रुमानियाचे होरिया हुलुबेई यांनी पॅरिसमध्येच क्ष-किरणांच्या आधारे ‘मोल्डाव्हिअम’ शोधल्याचे जाहीर केले. भारतही या शर्यतीपासून दूर नव्हता. १९३७ साली ढाका येथील राजेंद्रलाल डे यांनी शेजारच्या ८५ क्रमांकाच्या मूलद्रव्याचा शोध लावल्याचे सांगून त्याला ‘डाकिन’ असे नाव सुचवले होते. यांपैकी एकही दावा टिकला नाही. निसर्गात हे मूलद्रव्य स्थिर वा दीर्घजीवी स्वरूपात असेल, या गृहीतकावर ८७ क्रमांकाचे बरेचसे शोध आधारलेले होते. प्रत्यक्षात ते काही मिनिटांत नाहीसे होणारे निघाले.

उत्तराच्या जवळ जाऊन परतलेलेही काही संशोधक होते. १९१४ साली व्हिएन्नामध्ये मायर, हेस आणि पानेथ यांनी शुद्ध केलेल्या ॲक्टिनिअममधून अल्फा कण बाहेर पडत असल्याचे नोंदवले होते. अल्फा कण गमावला की अणुक्रमांक दोनने घटतो. म्हणजे ८९ चे ८७ होते. परंतु हे कण नमुन्यातील अशुद्धीचे नाहीत, याची खात्री देता न आल्याने ते निरीक्षण तसेच राहिले. अडचण सिद्धांताची नव्हती, नमुन्याच्या शुद्धतेची होती. पेरे यांनी दहा वर्षे नेमके याच शुद्धतेसाठी काम केले होते.

जानेवारी १९३९ :

१९३८ च्या अखेरीस व १९३९ च्या आरंभी पेरे यांनी ॲक्टिनिअमचा अत्यंत शुद्ध नमुना तयार करून लगेचच त्याचा किरणोत्सर्ग मोजण्यास सुरुवात केली. शुद्धीकरणानंतर पहिल्या काही मिनिटांतच बीटा किरणोत्सर्ग वाढू लागल्याचे त्यांना दिसले. ही वाढ सुमारे दोन तासांत स्थिरावत होती आणि तिच्यावरून निघणारा अर्धायुकाल सुमारे २१ मिनिटांचा होता. ॲक्टिनिअमच्या ज्ञात अपत्यद्रव्यांपैकी कोणाशीही ही वाढ जुळत नव्हती. दुसरा कोणी संशोधक असता आणि शुद्धीकरणानंतर तासाभराने मोजमापाला बसला असता, तर ही वाढ त्याच्या लक्षात आली नसती.

यापुढील पायरी रसायनशास्त्राची होती. हे द्रव्य कोणते हे ठरवण्यासाठी पेरे यांनी ॲक्टिनिअम व त्याची ज्ञात अपत्यद्रव्ये अवक्षेपित करून गाळून काढली. उरलेल्या द्रावणात नवा किरणोत्सर्ग शिल्लक राहिला. त्यात सीझिअमचा क्षार मिसळून सीझिअम परक्लोरेटचा अवक्षेप पाडला असता किरणोत्सर्ग त्या अवक्षेपाबरोबर खाली बसला. म्हणजेच हे द्रव्य सीझिअमसारखे वागत होते; ते अल्कली धातू होते. ॲक्टिनिअमच्या अणूंपैकी सुमारे एक टक्का अणू अल्फा कण टाकून या मूलद्रव्यात रूपांतरित होतात, असा अंदाज पेरे यांनी केला. आधुनिक मोजमापानुसार हे प्रमाण १.३८ टक्के असून या समस्थानिकाचा अर्धायुकाल २२ मिनिटे आहे. दहा वर्षे तंत्रज्ञ म्हणून राबलेल्या व्यक्तीच्या मोजमापाची अचूकता यावरून स्पष्ट होते.

शोधाची तारीख ७ जानेवारी १९३९ अशी मानली जाते. ९ जानेवारी रोजी ज्यां पेरँ यांनी ही टिपणी विज्ञान अकादमीच्या बैठकीत सादर केली. अकादमीत टिपणी मांडण्यासाठी सदस्याचा आधार लागत असे आणि एकही स्त्री तोपर्यंत अकादमीची सदस्य नव्हती. पेरँ यांचा स्वतःचा कल हुलुबेई यांच्या मोल्डाव्हिअमकडे होता, ही बाब येथे उल्लेखनीय आहे. टिपणीवर लेखिका म्हणून केवळ मार्गरित पेरे यांचे नाव होते. देबिएर्न व इरेन जोलिओ-क्यूरी या दोघांच्या मार्गदर्शनाखाली काम चालू असतानाही श्रेयात त्यांचे नाव जोडले गेले नाही. साहाय्यकाचे काम वरिष्ठांच्या नावाने प्रसिद्ध होणे ही ज्या काळाची रीत होती, त्या काळात ही गोष्ट सामान्य म्हणता येणार नाही.

दैवयोग असा, की अवघ्या तीन दिवसांपूर्वी, ६ जानेवारी १९३९ रोजी, जर्मनीत हान व स्ट्रासमान यांचा युरेनिअमवरील लेख प्रसिद्ध झाला होता. त्यातून अणुविखंडनाचा शोध पुढे आला आणि साऱ्या वैज्ञानिक जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. मूलद्रव्य ८७ ची वार्ता या गदारोळात मागे पडली.

पदवी, नाव आणि पद :

शोध लागला तरी पेरे यांचे पद बदलण्यासाठी पदवी हवी होती. नव्या मूलद्रव्याची शोधकर्ती असलेल्या या स्त्रीने सोरबॉन विद्यापीठात आवश्यक अभ्यासक्रम पूर्ण केले. युद्धाची व जर्मन ताब्याची ती वर्षे होती. २१ मार्च १९४६ रोजी त्यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधाचे समर्थन केले. प्रबंधाचा विषय अर्थातच मूलद्रव्य ८७ हा होता. सर्वसाधारणपणे पदवी आधी व शोध नंतर असा क्रम असतो. पेरे यांच्या बाबतीत तो उलटा झाला आणि परीक्षकांपुढे ठेवलेला शोध सात वर्षांपूर्वीच जगाला ज्ञात होता.

नामकरणाचा प्रश्नही याच काळात सुटला. आरंभी या द्रव्याला ‘ॲक्टिनिअम-के’ असे म्हटले जाई. हे मूलद्रव्य सर्वाधिक विद्युत्‌धन मानले जात असल्याने धन आयनाच्या ‘कॅटायन’ या संज्ञेवरून पेरे यांनी ‘कॅटिअम’ हे नाव सुचवले. परंतु इंग्रजी भाषकांना त्यात मांजराचा भास होईल, अशी हरकत इरेन जोलिओ-क्यूरी यांनी घेतली. अखेर मायदेशावरून ‘फ्रान्सिअम’ हे नाव स्वीकारले गेले. अर्धशतकापूर्वी मेरी क्यूरी यांनी आपल्या परतंत्र पोलंडच्या नावे ‘पोलोनिअम’ हे नाव दिले होते. त्याच परंपरेतील हे नामकरण होय.

१९४९ मध्ये स्ट्रासबर्ग विद्यापीठात अणुकेंद्रीय रसायनशास्त्राच्या अध्यासनावर पेरे यांची नियुक्ती झाली. तेथे त्यांनी प्रयोगशाळा उभारली, विद्यार्थी घडवले आणि पुढे क्रोनेनबुर्ग येथील अणुकेंद्रीय संशोधन केंद्रातील आपल्या प्रयोगशाळेचे नेतृत्व केले. १२ मार्च १९६२ रोजी विज्ञान अकादमीने त्यांना संवादी सदस्य म्हणून निवडले. १६६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या २९६ वर्षांच्या इतिहासात कोणत्याही दर्जाच्या सदस्यत्वावर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १९११ मध्ये याच अकादमीने मेरी क्यूरी यांना निसटत्या मतांनी डावलले होते. इरेन यांनाही तेथे प्रवेश मिळाला नाही. ज्या दारातून गुरू आणि गुरुकन्या आत जाऊ शकल्या नाहीत, ते दार त्यांच्या साहाय्यकासाठी किलकिले झाले. किलकिले म्हणण्याचे कारण असे, की पूर्ण सदस्यत्व स्त्रीला मिळण्यासाठी १९७९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी गणिती इव्होन शोके-ब्रुहा यांची निवड झाली.

समांतर उदाहरण : कमला सोहोनी

पेरे यांच्या कारकिर्दीचे वेगळेपण मराठी वाचकाला एका समकालीन उदाहरणाने अधिक स्पष्ट होऊ शकेल. कमला भागवत, पुढील काळातील कमला सोहोनी, या १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी गेल्या. संस्थेचे तत्कालीन संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून नकार दिला. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. पेरे यांनी मूलद्रव्य ८७ शोधले त्याच १९३९ साली सोहोनी यांना केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

दोघींची तुलना उद्बोधक आहे. सोहोनी यांच्यापाशी पदवी होती. दार बंद होते. पेरे यांच्यासाठी दार उघडे होते, पदवी नव्हती. पेरे ज्या दारातून आत गेल्या ते साहाय्यकाचे होते, संशोधकाचे नव्हे, हेही विसरता येत नाही. स्त्रीला प्रयोगशाळेत दुय्यम स्थान देण्यास त्या काळातील व्यवस्थेची फारशी हरकत नव्हती. हरकत होती ती समान स्थानाला. पेरे दुय्यम दारातून आत आल्या आणि आपल्या कामाच्या बळावर मुख्य दालनापर्यंत पोहोचल्या. तथापि, मेरी क्यूरी यांच्या संस्थेसारखी स्त्रियांना वाव देणारी संस्था लाभली नसती तर केवळ कौशल्य पुरेसे ठरले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल.

शोधाची किंमत :

या कारकिर्दीची दुसरी बाजू वेदनादायक आहे. ज्या ॲक्टिनिअमवर पेरे यांनी दहा वर्षे काम केले, ते शरीरात गेल्यास हाडांत व यकृतात साठते. त्या काळातील प्रयोगशाळांत किरणोत्सर्गापासून संरक्षणाची साधने अपुरी होती आणि जागरूकता त्याहून अपुरी. मेरी क्यूरी यांचा मृत्यू रक्तक्षयाच्या गंभीर विकाराने झाला. इरेन यांचा १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने. पेरे यांच्या हातावर प्रथम किरणोत्सर्गाच्या भाजण्याच्या खुणा उमटल्या. पुढे कर्करोग शरीरात पसरत गेला. आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षे उपचारांत गेली. अकादमीवर निवड झाली तेव्हाही त्या आजारीच होत्या. १३ मे १९७५ रोजी लुव्हसिएन येथे त्यांचे निधन झाले.

फ्रान्सिअम कर्कपेशींत अधिक प्रमाणात साठते का, याचा अभ्यास पेरे यांनी प्राण्यांवर केला होता आणि कर्करोगाच्या निदानासाठी त्याचा उपयोग होईल अशी त्यांना आशा होती. बावीस मिनिटांत निम्मे होणाऱ्या द्रव्याचा असा उपयोग होऊ शकला नाही. ज्या रोगाच्या निदानासाठी त्या आपले मूलद्रव्य देऊ इच्छित होत्या, त्याच रोगाने त्यांचा अंत केला.

हा प्रश्न भारतीय संदर्भातही परका नाही. ११ जानेवारी १९५० रोजी कलकत्त्यातील अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचे उद्‌घाटन इरेन जोलिओ-क्यूरी यांच्याच हस्ते झाले. १९५६ मध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. किरणोत्सर्गाच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ मात्र १९८३ मध्ये स्थापन झाले. विज्ञानाची वास्तू आधी उभी राहते आणि सुरक्षिततेची स्वतंत्र व्यवस्था मागाहून येते, हा क्रम पॅरिसपुरता मर्यादित नव्हता.

निष्कर्ष :

१) फ्रान्सिअमचा शोध नव्या सिद्धांतातून वा महागड्या उपकरणातून लागलेला नाही. तो शुद्धीकरणाच्या दीर्घ सरावातून आलेल्या वेगातून लागला. ‘साहाय्यकाचे काम’ म्हणून ज्याची गणना होते तेच या शोधाचे मर्म होते.

२) पेरे यांना श्रेय मिळाले याचे कारण त्यांच्या कौशल्याइतकेच संस्थेतील ज्येष्ठांच्या वर्तनात आहे. टिपणीवर एकच नाव राहिले म्हणून इतिहासात ते नाव उरले. अन्यथा प्रयोगशाळेतील असंख्य साहाय्यकांप्रमाणे त्याही आभारप्रदर्शनाच्या ओळीत हरवल्या असत्या.

३) पदवी ही गुणवत्तेची एकमेव कसोटी नाही, परंतु पद मिळवण्यासाठी ती अटळ ठरते. शोध लावूनही पेरे यांना डॉक्टरेटनंतरच प्राध्यापकपद मिळाले.

४) ज्या संस्थेने साहाय्यकाला श्रेय दिले त्याच संस्थेला तिच्या शरीराचे रक्षण करता आले नाही. श्रेय आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी संशोधन संस्थेच्या नैतिक जबाबदारीचा भाग मानल्या गेल्या पाहिजेत.

समारोप :

ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही द्रावणे तयार करणारे, नमुने सांभाळणारे व उपकरणे चालती ठेवणारे अनेक हात असतात. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांचे व प्राध्यापकांच्या संशोधनाचे यश पुष्कळदा त्या हातांवर अवलंबून असते; त्यांची नोंद हजेरीपत्रकापलीकडे क्वचितच होते. अशा प्रत्येक हातून नवे मूलद्रव्य सापडेल असे नाही. तथापि, शोधनिबंधावर कोणाचे नाव यावे आणि प्रयोगशाळेत हातमोजे व धूरपेटी कोणासाठी असावी, हे प्रश्न पॅरिसइतकेच येथेही विचारण्याजोगे आहेत. आवर्तसारणीतील ८७ वा रकाना शिकवताना विद्यार्थ्यांना एवढे सांगितले गेले पाहिजे, की तो रकाना प्रथम भरला तेव्हा तो भरणाऱ्या व्यक्तीच्या नावापुढे एकही पदवी नव्हती.